दोन रिकाम्या ओळी

बातम्या वाचणारी माणसं तुमच्याकडे बघत नसतात. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणाचा भ्रमनिरास नको. ती एका काचेकडे बघत असतात. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ही काच तिरकी बसवलेली असते, तिच्याखाली एक पडदा उताणा पडलेला असतो आणि त्यावर बातमी उलट्या अक्षरांत खालून वर सरकत जाते. काचेत ती सुलटी दिसते. वाचणारीला अक्षरं हवेत तरंगताना दिसतात, तुम्हाला वाटतं ती तुमच्या डोळ्यांत बघून बोलतेय, आणि कॅमेऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. आमच्या शहराचं चॅनल एकवीस वर्षं असंच चाललं.

ती अक्षरं सरकवायचं काम माझं. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला एक स्टूल, मांडीवर एक छोटं चाक, समोर उलटी अक्षरं. चाक फिरवलं की ओळ वर जाते, थांबवलं की थांबते. यात काय मोठंसं, असं माझ्या नवऱ्यालाही सुरुवातीला वाटायचं. पण वाचणारीचा श्वास कुठे तुटणार हे चाकाला तिच्याआधी कळावं लागतं. चाक पुढे गेलं तर ती धापा टाकते, मागे राहिलं तर अडखळते, आणि दोन्ही वेळा लोक हसतात ते तिलाच. एकवीस वर्षं मी एकाच बाईच्या श्वासावर चाक फिरवलं. ती माझी धाकटी बहीण.

स्टुडिओला खिडकी नव्हती. आत शिरलं की गारठा, निळसर उजेड, आणि दार लागलं की कानात आपलाच आवाज. बाहेर ऊन आहे की अंधार, हे पाच मिनिटांत विसरायला व्हायचं. मी चाकावर बोट ठेवून बसले की कधीकधी मला वाटायचं, ही अक्षरं सरकत नाहीतच मुळी. अक्षरं जागच्या जागी आहेत आणि आम्ही दोघी, स्टूल, कॅमेरा, सगळी खोलीच हळूहळू खाली उतरतेय. भीती नाही वाटायची. धाकटी समोर असायची ना.

पहिल्या दिवशी मात्र तिची गाळण उडाली होती. तेवीस वर्षांची पोर, आवाज घंटेसारखा, पण हातातले कागद असे थरथरत होते की माइकमध्ये त्यांची फडफड ऐकू यायची. मी तेव्हा तिथे टायपिस्ट होते आणि सरकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, बातमीपत्राच्या शेवटी ‘नमस्कार’ टाइप केल्यावर मी दोन ओळी रिकाम्या सोडल्या आणि खाली लिहिलं, “संपलं. श्वास घे. मी इथेच आहे.”

शेवटचं संगीत सुरू व्हायच्या आधी कॅमेरा तीन सेकंद वाचणारीवर थांबतो. तिने नमस्कार म्हटलं, दोन रिकाम्या ओळी वर गेल्या, माझी ओळ आली, तिने ती डोळ्यांनी वाचली आणि हसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी हसली. शहराने ते हसू पाहिलं आणि शहर तिच्या प्रेमात पडलं.

मग ती आमची रीतच झाली. पूर्णविराम, दोन रिकाम्या ओळी, आणि आमची ओळ. “डाव्या कानातलं उलटं घातलंयस.” “इस्त्री बंद केलीस का?” “साहेबांचं पोटावरचं बटण तुटलंय, बघू नकोस.” “आत्याचा फोन आला होता, तू कामात आहेस असं खोटंच सांगितलं.” रोज सात वाजून एकोणतीस मिनिटांनी ती वाचायची आणि हसायची. लोक म्हणायचे, बातम्या कशाही असोत, बाई शेवटी हसल्या की बरं वाटतं. एका दंतवैद्याने तर आपल्या पाटीवर तसलंच हसू रंगवून घेतलं, मेल्याने विचारलंसुद्धा नाही. त्या हसण्यामागे आत्याबाई होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं.

बातमीपत्र आठला पुन्हा दाखवत. मी तेव्हा चालत घरी निघालेली असायचे. रस्त्यावरच्या खिडक्याखिडक्यांतून तो निळा उजेड हलायचा आणि प्रत्येक खिडकीत माझी बहीण. शिंप्याच्या दुकानात ती, औषधाच्या दुकानात ती, तिसऱ्या मजल्यावरच्या अनोळखी बैठकीतही तीच. घराच्या वळणावर पोचेपर्यंत साडेआठ होत, आणि सगळ्या खिडक्या एकदम हसत. तेवढी माझी कमाई. पगाराचं काय, तो येतो आणि जातो.

साहेबांच्या डोक्यात दर तीन-चार वर्षांनी वारं भरायचं. साहेब म्हणजे आमचे संपादक. आधी मागे निळा पडदा होता. मग म्हणे पडदा जुना झाला, मागे शहराचं चित्र हवं. मग चित्र नको, मागे माणसं काम करताना दिसली पाहिजेत, म्हणून आमचा हिशेबनीस रोज अर्धा तास पाठमोरा बसून नुसतीच बोटं हलवायचा. मग खाली पळती पट्टी आली, तिच्याखाली दुसरी आली, आणि धाकटी छातीपर्यंत पट्ट्यांत बुडाली. ती सगळ्यांना पुरून उरली. पडदे बदलले, टेबलं बदलली, ती तशीच बसून होती. मला वाटलं, आम्ही दोघी तिथेच म्हाताऱ्या होणार.

तो शुक्रवार मात्र निराळा निघाला. पावणेसातला साहेब स्वतः माझ्या स्टुलापाशी आले. हातात एकच पान.

“ताई, हे शेवटी जोडा. हवामानानंतर.”

मी वाचलं. प्रेक्षकहो, आजचं हे माझं शेवटचं बातमीपत्र, असं सुरू होत होतं.

“हे तिला माहितेय?” मी विचारलं.

“वाचेल तेव्हा कळेलच, मग मी बोलणारच आहे ना तिच्याशी. आत्ता सांगितलं तर तिचा आवाज हलेल. शेवटच्या दिवशी तिचं हसं व्हावं असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही तर बहीण आहात.”

साहेबांना माणसाची नस बरोबर सापडते. मी पान जोडलं. मला वाटलं, खरंच आवाज हलला तर? मला वाटलं, पाऊण तासाने कळलं काय आणि आत्ता कळलं काय. माणूस भ्याला की त्याला कितीतरी शहाणपणाच्या गोष्टी सुचतात. तेवढ्यात धाकटी माइक अडकवत माझ्याजवळून गेली आणि थांबली.

“तायडे, आज एक पान जास्त दिसतंय. शेवटी काय आहे गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “हवामान.”

हवामान झालं आणि तिने ते पान कॅमेऱ्यासमोर वाचलं. तिचा आवाज तसूभरही हलला नाही. “एकवीस वर्षं आपण मला आपल्या घरात बसायला जागा दिलीत,” हे वाक्य तर तिने इतकं सुंदर वाचलं की ते साहेबांनी लिहिलंय हे मी विसरले. हललं ते माझं चाक. आयुष्यात पहिल्यांदा ते अडकलं आणि एक ओळ वेळेवर वर गेली नाही. तिने मध्ये थोडं थांबून ती चूक आपल्या अंगावर घेतली. बघणाऱ्याला वाटलं असेल, बाईंना गहिवरून आलं.

मग नमस्कार. मग दोन रिकाम्या ओळी. आणि त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

मी काही लिहिलंच नव्हतं. काय लिहिणार होते? तिने वाट पाहिली. काचेत नुसता काळोख होता, आणि ती त्या काळोखाकडे बघत वाट पाहत होती. तीन सेकंद. मग तिने काचेच्या कडेने माझ्याकडे पाहिलं. संगीत लागलं, तिने माइक काढून टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. त्या संध्याकाळी चॅनलवर फोनावर फोन आले. बाईंची शेवटची वाक्यं फारशी कुणाच्या कानात शिरलीच नव्हती. सगळे विचारत होते, बाई आज हसल्या का नाहीत, तब्येत बरी आहे ना?

आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी आणि नवरा दुसऱ्या मजल्यावर, ती एकटी तिसऱ्यावर. मध्ये अठरा पायऱ्या. मी त्याच संध्याकाळी चढले, दुसऱ्या दिवशी चढले, तिसऱ्या दिवशी चढले. दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी मी दारावर डोकं टेकून म्हटलं, “अगं, एकदा ऐकून तर घे.” आतून अगदी जवळून आवाज आला. तीसुद्धा दाराला टेकूनच उभी असावी.

“हवामान कसं आहे, तायडे?”

बस्स. पुढचे तीन महिने ती माझ्याशी एवढं एकच वाक्य बोलली. नोकरी गेली याचं तिला दुःख असेलच, पण ते तिने पचवलं असतं. मी तिला तोंडावर खोटं सांगितलं, आणि मग शेवटची ओळ रिकामी ठेवली. हे तिला पचत नव्हतं आणि मलाही पचत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. ते दार उघडायला हवं होतं.

त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचं. मी जिना चढतेय आणि प्रत्येक पायरीवर उलट्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं आहे. मी एक पायरी चढते आणि जिनाच एक पायरी वर सरकतो. कुणीतरी कुठेतरी चाक फिरवत असतं. वर दाराखालून निळा उजेड येत असतो. मी चढत राहते, जिना सरकत राहतो आणि मी असते तिथेच. जाग आली की पोटऱ्या खरोखर दुखत असायच्या.

स्टुडिओत नवी मुलगी आली. पंचवीस वर्षांची. “लोकांना आता बसलेली बातमी नको, चालती बातमी हवी,” साहेब म्हणाले आणि धाकटीचं टेबल उपाहारगृहात गेलं. त्यावर आता आमचे ड्रायव्हर जेवतात. नवी मुलगी उभ्याने वाचायची, वाचता वाचता चालायची, भिंतीएवढ्या पडद्याला हात लावून गिरकी घ्यायची. मी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि आठवड्याभरात सगळं चॅनल तिला भिंगरी म्हणायला लागलं. तिला ते आवडलं, हेही मला आवडलं नाही. सासूने नव्या सुनेचा करावा तसा मी तिचा राग राग केला. कारण एकच. ती श्वासच घ्यायची नाही. काचेत जे येईल ते एका दमात वाचून मोकळी. पूर्णविराम हे तिच्या लेखी माशीने घाण केल्याचे ठिपके.

माझी बोटं मात्र जुनीच होती. रोज साडेसहाला सगळी पानं लावून झाली की मी शेवटी दोन ओळी रिकाम्या सोडायचे आणि खाली ती ओळ लिहायचे, जी त्या शुक्रवारी सुचली नव्हती. लिहायचे, बघायचे आणि सात वाजायच्या आत पुसून टाकायचे. मग चाक हातात घ्यायचे. देवापुढे हात जोडावेत इतकी मला त्याची सवय झाली होती.

भिंगरीच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा सात वाजायला चार मिनिटं असताना पाण्याची मोठी नळवाहिनी फुटल्याची बातमी आली. पानांची उलथापालथ झाली, धावपळ झाली, आणि मी पुसायचं विसरले.

भिंगरीने नमस्कार म्हटलं. रिकाम्या ओळी वर गेल्या. खाली अक्षरं दिसल्यावर तिला वाटलं, ताजी बातमी. ती पुन्हा कॅमेऱ्याकडे वळली, एक हात उंचावला आणि नळवाहिनी फुटली होती त्याच आवाजात शहराला म्हणाली, “माफ कर! चुकलं माझं! दार उघड!”

मी मेल्याहून मेले.

साहेब धावत आत आले तेव्हा मी चाक खाली ठेवून राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते. पण त्यांच्यामागून फोनवाली आली आणि तिच्यामागून आणखी कुणी. फोन थांबत नव्हते. एका बाईने रडत विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? एका म्हाताऱ्याने सांगितलं, मुलाचा निरोप पोचला, त्याला म्हणावं ये. कुणालाच ती चूक वाटली नव्हती. ज्याला त्याला वाटलं, हे आपल्यालाच आहे.

त्या संध्याकाळी मी चालत घरी निघाले तो रस्ता मला अजून नीट आठवत नाही, म्हणजे तो खरा होता की मी चालत चालत झोपले होते, हे सांगता येत नाही. आठचं पुन्हा सुरू झालं होतं. शिंपी दुकान अर्धवट टाकून समोरच्या घराच्या पायरीवर उभा होता. समोर त्याचा भाऊ राहतो, दोघांत दहा वर्षं बोलणं नव्हतं. पुढे एक बाई हातात कपड्यांची पिशवी घेऊन एका दारापुढे उभी होती, आणि दार आतून कुणीतरी चाचपडत उघडत होतं. साडेआठला खिडक्याखिडक्यांतून भिंगरी एकदम ओरडली, “दार उघड!” आणि मला शपथेवर वाटलं, सगळ्या रस्त्यावर कड्या निघाल्याचे आवाज आले.

मी जवळजवळ पळतच जिना चढले. वर दार बंद.

“तिने ऐकलं का हो?” मी घरात शिरताच नवऱ्याला विचारलं. नवरा निवृत्त झालेला आहे आणि वरच्या मजल्याचे आवाज ऐकणं हा त्याचा सध्याचा उद्योग.

“कसं ऐकेल? वरचा टीव्ही सातला लागतो आणि सात सत्तावीसला बंद. रोज. हवामान सुरू झालं की खट्.”

म्हणजे अख्ख्या शहराने माझी माफी स्वीकारली होती, आणि जिची मागितली होती तिने हवामान ऐकायला नको म्हणून टीव्ही बंद केला होता. नवरा हसायला लागला, मग माझ्याकडे बघून पाणी आणायला उठला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाळी वाजवली. “ताई, रोज एक! आठ शब्दांच्या आत!” लाल चौकट आली, टण् असा आवाज आला आणि ‘जाता जाता’ असं नाव पडलं. बातमी कुणालाही देता येते, ही ओळ फक्त आपल्याकडे आहे, असं साहेब सगळ्यांना सांगत सुटले. मी रोज लिहीत गेले. “तुझी छत्री अजून माझ्याकडे आहे.” “तू नसलीस की जेवण उरतं.” “मी तेव्हा भ्याले, एवढंच.” शहर रोज ती ओळ आपापल्या घरी घेऊन जायचं. मी एकदा साहेबांना म्हटलं, हे हवामानाच्या आधी घेऊ या का? ते म्हणाले, जाता जाता म्हणजे जाता जाता. त्यांचंही बरोबरच होतं.

एकदा रंगभूषेच्या खोलीत भिंगरीने आरशातूनच मला विचारलं, “ताई, खरं सांगा. हे तुम्ही कुणासाठी लिहिता?”

मी सांगणार नव्हते. पण तिने केसांतल्या पिना काढता काढता विचारलं होतं, घाई न करता, आणि पहिल्यांदाच मध्ये नीट श्वास घेत. मी सगळं सांगितलं. शेवटचं पान, हवामान, रिकामी ओळ. ती पिना एकेक करून डबीत टाकत राहिली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांची गोष्ट. एका बुधवारी भिंगरी एका गेलेल्या शिक्षकांची बातमी वाचत होती. त्यांचं नाव येण्याआधी ती थांबली. अर्धाच श्वास. माझं चाक आपसूक थांबलं, मी थांबवलंच नव्हतं. बोटांना तो श्वास ओळखीचा होता. गेलेल्या माणसाचं नाव घेण्याआधी असं अर्धा श्वास थांबणारी बाई मी एकच पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी ती आकड्यांच्या आधी थांबली. तिसऱ्या दिवशी तिने गिरकी घेतली नाही. मी डोळे मिटले तर समोर धाकटी बसली होती, टेबलासकट.

घरी नवऱ्याने बातमी दिली. “दुपारी वर कुणीतरी येतं. दोन-दोन पायऱ्या चढतं. तासाभराने जातं. आणि ऐक, काल टीव्ही साडेसातपर्यंत चालू होता.”

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त पोटात दुखलं. माझ्यासाठी न उघडलेलं दार कालच्या पोरीसाठी उघडत होतं. एका दुपारी मी हळूच चढले. चौदाव्या पायरीवर मला दोघींचे आवाज ऐकू आले. धाकटी म्हणत होती, “पूर्णविराम आला की खांदे खाली सोड. बघणारा तुझ्याबरोबर खांदे सोडतो.” मग भिंगरी वाचत होती, मग धाकटी, मग पुन्हा भिंगरी. कोणता आवाज कुणाचा ते मला ओळखू येईना. मी तिथेच भिंतीला टेकून ऐकत बसले आणि मग पाय न वाजवता उतरले. मध्येच टपकणं बरं दिसलं नसतं.

परवा गुरुवारी मी पानं लावत होते तेव्हा भिंगरी आली आणि माझ्या स्टुलाशेजारी खाली जमिनीवर बसली, चांगले कपडे घातलेले असून.

“ताई, आज तुमचा शेवटचा दिवस आहे,” ती म्हणाली. “उद्यापासून यंत्र आहे. ते आवाज ऐकून आपोआप अक्षरं सरकवतं. साहेबांनी मला सांगू नको म्हटलंय. फुलांचा गुच्छ आणलाय, तो तारांच्या कपाटात लपवलाय. मला वाटलं, तुम्हाला आधी कळलेलं बरं.”

निवृत्तीला दोन वर्षं होती, ती अशी फुलांसकट गेली. पण त्याहून मोठं काहीतरी मला आत टोचत होतं. एवढीशी पोर जमिनीवर बसून चार वाक्यांत जे बोलली, ते मला माझ्या सख्ख्या बहिणीला सांगता आलं नव्हतं. इतकं सोपं होतं ते.

“माझं चाक हलेल गं आज,” मी म्हटलं.

“हलू दे. मी सांभाळून घेईन.”

हे वाक्य तिला कुणी शिकवलं असेल, ते मी विचारलं नाही.

सातला दार लागलं. तोच गारठा, तोच निळसर उजेड. मी चाकावर बोट ठेवलं. खोली हळूहळू खाली उतरायला लागली. रस्त्यांची बातमी गेली, शाळांची गेली, एक मोठा पूल बांधण्याचं आश्वासन वर सरकत सरकत छतात नाहीसं झालं. माझं चाक हललं नाही. हवामानाच्या सुमारास बातमीच्या खोलीतून आणखी एक पान जोडल्याची खूण आली. नेहमीसारखं काहीतरी उशिराचं असेल, म्हणून मी पाहिलंही नाही. भिंगरीने लाल चौकटीतली माझी ओळ वाचली. टण् वाजलं. नमस्कार झाला.

मी चाक सोडणार, तर खाली दोन रिकाम्या ओळी.

त्या मी सोडल्या नव्हत्या. माझं बोट आपोआप फिरलं. पडद्यावर उलटी अक्षरं वर आली. उलटी अक्षरं मला सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतात.

“तायडे, संपलं. श्वास घे. हवामान बरं आहे. दार उघडं आहे.”

पलीकडच्या खोलीत साहेब भिंगरीच्या कानात ओरडत असणार, वाच, खाली अजून आहे, वाच. तिने वाचलं नाही. तिने डोळ्यांनी ती ओळ पाहिली, खांदे खाली सोडले आणि हसली. तीन सेकंद. तेवढ्यात मी हसले की रडले, हे मला सांगता येणार नाही. कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडे होतं.

गुच्छ घेऊन मी घरी निघाले. रस्त्यात खिडक्या होत्या, निळा उजेड होता, पण त्या संध्याकाळी मी कुठेच बघितलं नाही. आमच्या दारावरून तशीच वर गेले. पायऱ्या मोजल्या. अठराच्या अठरा जागच्या जागी होत्या, एकही सरकली नाही.

दार उघडं होतं. धाकटी टीव्हीसमोर पाय पोटाशी घेऊन बसली होती, घरातल्या जुन्या कपड्यांत, केस न विंचरलेले. तिने मान वळवली आणि गुच्छाकडे पाहिलं.

“फुलं? मला मेल्यांनी तेसुद्धा दिलं नव्हतं.”

“मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं,” मी दारातूनच म्हणाले. किती ओळी लिहिल्या होत्या, पण तोंडाने हे पहिल्यांदाच बोलत होते.

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.” मग तिने बाजूची उशी उचलून जागा केली. “ये, बस. आठचं संपत आलंय.”

मी बसले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. टीव्हीवर हवामान चालू होतं आणि तिने ते बंद केलं नाही. मग लाल चौकट आली, टण् वाजलं, भिंगरीने नमस्कार केला, थांबली आणि हसली, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“किती गोड हसते गं,” धाकटी म्हणाली. “कशाला हसली असेल?”

“कुणास ठाऊक,” मी म्हटलं.